विशीत निवृत्त, तिशीत विजेता

पॅरिसच्या २०२४ ऑलिंपिकमधल्या पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचा निकाल वेळेसाठी नव्हे, वयासाठी वाचावा. सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकइव्हॉयला, वय ३०. रौप्य ब्रिटनच्या बेन प्राउडला, तोही तिशीच्या उंबरठ्यावर. कांस्य फ्रान्सच्या फ्लोरां मानोदूला, वय ३३. महिलांत ५० आणि १०० मीटरची दोन्ही सुवर्णं स्वीडनच्या सारा शोस्ट्रॉमनं नेली, तीही तिशीतलीच. आपल्याकडे या वयाचा जलतरणपटू एक तर नोकरीत स्थिरावलेला असतो, नाही तर टँकच्या काठावर शिट्टी घेऊन उभा असतो. ‘पोहायचा एकेकाळी’ ही त्याची ओळख झालेली असते.

स्प्रिंटरची कारकीर्द किती वर्षांची, हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे. वेगाचा खेळ म्हणजे कोवळ्या वयाचा खेळ, ही समजूत पालकांत आहे, प्रशिक्षकांत आहे आणि सरकारी योजनांतही आहे. गेल्या पाव शतकाचे निकाल तिच्या उलट बोलतात.

आधी शर्यत बघू. पन्नास मीटरचा तलाव, एकच लांबी, टर्न नाही. बझर झाल्यावर पाय ब्लॉकवरून सुटायला अव्वल पोहणाऱ्याला सहा-साडेसहा दशांश सेकंद लागतात. मग हवेतून झेप आणि पाण्याखाली डॉल्फिन किक. पाण्याखाली १५ मीटरपेक्षा जास्त राहायची परवानगी नाही आणि हे पहिले १५ मीटर जेमतेम सव्वापाच सेकंदांत संपतात. उरलेल्या अंतरात तीस-चाळीस हात. श्वास? एखादा, किंवा तोही नाही. डोकं वळवलं की शरीराची रेषा मोडते आणि पाणी तेवढ्यात वसुली करतं. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात वाढते. वेग एक टक्क्यानं वाढवायचा तर ताकद तीन टक्के जास्त हवी. स्नायूंतला तातडीचा इंधनसाठा दहाएक सेकंदांत आटतो आणि पुढचं अंतर अंगात आम्ल साठत असताना काढायचं असतं. शेवटी टचपॅडवर बोटं टेकतात. तिथे हात पूर्ण लांबवून टेकला की अर्धवट वाकून, यावर पदकं फिरतात.

यातली कोणती गोष्ट सोळाव्या वर्षी शिखरावर असते? ताकद नसते, ती जिममध्ये वर्षानुवर्षं साचते. सुरुवातीची उडी, पाण्याखालची किक आणि शेवटचा हात हे तर निव्वळ कारागिरीचे भाग. कोवळ्या वयाचा फायदा असतो तो थकवा लवकर भरून येण्याचा आणि दीर्घ श्रमांचा. तो ४०० किंवा १५०० मीटरला कामाचा, एकवीस सेकंदांच्या शर्यतीला फारसा नाही. १०० मीटर मात्र मधल्यामध्ये लटकते. रोमानियाचा डेव्हिड पोपोविची २०२२ मध्ये सतराव्या वर्षी १०० आणि २०० मीटरचा जगज्जेता झाला. चीनच्या पान झानलनं पॅरिसमध्ये १०० मीटर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याला वीस पूर्ण व्हायचे होते. म्हणजे सगळ्याच स्प्रिंटला एक नियम लावता येत नाही. पुरुषांची १०० मीटर अजून तरुणांच्या हाती आहे, ५० मीटर प्रौढांकडे गेली आहे.

मग ती समजूत आली कुठून? माझ्या मते शरीरशास्त्रातून नव्हे, पैशातून. ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमांत पोहण्यातून कमाई केली की खेळाडू बाद होई. जॉनी वाइसम्युलर १९२२ मध्ये १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस ठरला. १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक जिंकून त्यानं विशीतच स्पर्धा सोडल्या, पोहण्याच्या पोशाखांच्या कंपनीशी करार केला आणि १९३२ मध्ये पडद्यावर टारझन झाला. त्याच्या आधीचा राजा, हवाईचा ड्यूक कहानामोकू, १९१२ आणि १९२० मध्ये १०० मीटर जिंकला आणि १९२४ मध्ये तिशी ओलांडल्यावर त्याच वाइसम्युलरच्या मागे दुसरा आला. शरीर तेव्हाही साथ देत होतं, हे त्यावरून दिसतं. मार्क स्पिट्झनं १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णं घेतली आणि बाविसाव्या वर्षी तो थांबला. त्याच स्पर्धेत पाच पदकं मिळवणारी ऑस्ट्रेलियाची शेन गूल्ड सोळाव्या वर्षी थांबली. स्पिट्झनं एकेचाळिसाव्या वर्षी परतायचा प्रयत्न केला तो फसला, पण मधली एकोणीस वर्षं तो स्पर्धेच्या पाण्यात नव्हता, हे विसरून चालणार नाही.

ज्यांना सोडायचं नव्हतं त्यांना पदाधिकाऱ्यांनी सोडवलं, असंही घडलं. डॉन फ्रेझरनं १०० मीटर १९५६, १९६० आणि १९६४ अशी सलग तीनदा जिंकली. तिसऱ्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. त्याच वर्षी मोटार अपघातात तिची आई गेली होती, गाडी ती स्वतः चालवत होती आणि तिलाही इजा झाली होती. टोकियोत तिनं मनाई असताना उद्घाटनाच्या संचलनात भाग घेतला, संघाचा अधिकृत पोशाख सोडून स्वतःचा घातला, शिवाय एका ध्वजाच्या चोरीचं प्रकरण झालं. ऑस्ट्रेलियाच्या जलतरण संघटनेनं तिला दहा वर्षांची बंदी घातली. ती चार वर्षांनी उठवली, पण तोवर मेक्सिको ऑलिंपिकची तयारी करण्याइतका वेळ उरला नव्हता. बंदी नसती तर चौथं सुवर्ण आलं असतं का, सांगता येत नाही. पण ती प्रयत्न करण्याच्या स्थितीत होती, हे नक्की.

आज सगळ्यात झगमगाटाची असलेली ५० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये फार उशिरा आली. १९०४ मध्ये सेंट लुईसला ५० यार्डांची शर्यत झाली होती. तिथे पंचांचं एकमत होईना, वाद हाणामारीवर आला आणि शर्यत पुन्हा पोहायला लावली तेव्हा हंगेरीचा झोल्तान हल्मॉय जिंकला. त्यानंतर थेट १९८८ चं सोल. मॅट बिऑन्डीनं ते सुवर्ण २२.१४ सेकंदांत घेतलं. मधली ८४ वर्षं ५० मीटरमधल्या तज्ज्ञाला ऑलिंपिकमध्ये जागाच नव्हती. महिलांचं पहिलं सुवर्ण पूर्व जर्मनीच्या क्रिस्टिन ओटोचं. त्या देशातल्या सरकारी उत्तेजक-कार्यक्रमाची कागदपत्रं बर्लिनची भिंत पडल्यावर बाहेर आली आणि त्या संघाच्या यशाकडे तेव्हापासून संशयानं पाहिलं जातं.

वेळ मोजण्याचं तंत्र हाही या कारकिर्दींचा भाग आहे. १९६० मध्ये रोमला अमेरिकेचा लान्स लार्सन घड्याळांनुसार पुढे होता, पण पंचांनी सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटला दिलं. अशा प्रकारांतून टचपॅड आले. १९७२ मध्ये ४०० मीटर मेडलीचं सुवर्ण दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकानं ठरवलं गेलं आणि मग शहाणपण आलं: तलावाच्या दोन लेनच्या लांबीतच याहून जास्त फरक असू शकतो. म्हणून आता शतांशापर्यंतच मोजतात आणि तिथे बरोबरी झाली तर दोघांनाही सुवर्ण.

असं विभागलेलं सुवर्ण २००० मध्ये सिडनीत गॅरी हॉल ज्युनियर आणि अँथनी एर्व्हिन या अमेरिकेच्या दोघांनी घेतलं; दोघंही २१.९८. एकाच ठिकाणी सराव करणारे हे दोघे आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर देऊन जातात. हॉलला १९९९ मध्ये टाइप वन मधुमेह निघाला होता. इन्शुलिन टोचत, रक्तातली साखर तपासत तो सिडनी जिंकला आणि २००४ मध्ये अथेन्सला, एकोणतिसाव्या वर्षी, पुन्हा जिंकला. एर्व्हिनची गोष्ट वेगळीच. एकोणिसाव्या वर्षी सुवर्ण, बाविसाव्या वर्षी पोहणं बंद. त्सुनामीग्रस्तांसाठी त्यानं ते पदक इंटरनेटवर लिलावात काढलं आणि आलेले सुमारे १७ हजार डॉलर देऊन टाकले. नैराश्य, व्यसनं, भटकंती सगळं झालं. मग तो परत आला आणि २०१६ मध्ये रिओला, पस्तिसाव्या वर्षी, २१.४० सेकंदांत ५० मीटर जिंकला. मानोदू एका शतांशानं मागे राहिला. मधली सात-आठ वर्षं शरीराला किलोमीटरांचा भार नव्हता, याचा एर्व्हिनला तोटा झाला की फायदा, यावर प्रशिक्षकांत अजून वाद आहे. मला फायदाच झाला असं वाटतं.

लांब कारकिर्दींच्या यादीत रशियाचा अलेक्झांडर पोपोव्ह वरच्या जागी हवा. १९९२ आणि १९९६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० ही दोन्ही सुवर्णं त्यानं घेतली. अटलांटाहून परतल्यावर काही आठवड्यांत मॉस्कोच्या रस्त्यावर कलिंगड विकणाऱ्यांशी वाद झाला आणि त्याच्या पोटात सुरा खुपसला गेला. वर्षभरात तो पुन्हा युरोपचा विजेता होता आणि २००३ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात दोन्ही अंतरांचा जगज्जेता. त्याचे प्रशिक्षक गेन्नादी तुरेत्स्की जोरापेक्षा सफाईवर भर देणारे. लांब हात, कमी घाई. वय वाढलं तरी सफाई जात नाही, हा त्या पद्धतीचा फायदा पोपोव्हनं पुरेपूर वसूल केला.

महिलांत अमेरिकेच्या डारा टॉरेसचं नाव आधी घ्यावं लागतं. पहिलं ऑलिंपिक १९८४, पाचवं २००८. बीजिंगला ५० मीटरमध्ये एकेचाळीस वर्षांच्या, दोन वर्षांच्या मुलीच्या आईनं २४.०७ सेकंदांत रौप्य घेतलं; जर्मनीच्या ब्रिटा स्टेफेननं सुवर्ण एका शतांशानं नेलं. पुरुषांत याच तोडीचं उदाहरण ब्राझीलच्या निकोलस सांतोसचं, ज्यानं बेचाळिसाव्या वर्षी ५० मीटर बटरफ्लायचं जागतिक सुवर्ण, तेही छोट्या तलावातलं, जिंकून निवृत्ती घेतली.

मात्र या यादीनं भुलून जाऊ नये. लांब कारकीर्द आपोआप मिळत नाही आणि वाटेत बरेच मोडतात. केट कॅम्पबेल रिओला १०० मीटरची विश्वविक्रमवीर म्हणून आली, पन्नासला पुढे होती आणि सहावी आली. तिथे सुवर्ण विभागून घेणाऱ्या सिमोन मॅन्युएलला २०२१ मध्ये अतिसरावाच्या विकारानं गाठलं. टोकियोत पाच सुवर्णं घेणारा केलेब ड्रेसेल पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धा अर्ध्यावर सोडून निघून गेला आणि बराच काळ पाण्यात उतरला नाही. मानोदूनं रिओनंतर पोहणं सोडून चक्क हँडबॉल खेळून पाहिला. एकवीस सेकंदांसाठी चार वर्षं, हा हिशेब मनाला परवडणं अवघड आहे. जे टिकले त्यांतल्या बऱ्याच जणांनी मध्ये कधीतरी सुट्टी घेतली, हा योगायोग नसावा.

मॅकइव्हॉयनं तर सुट्टीचाच अभ्यास केला. २०१६ मध्ये तो १०० मीटरचा दावेदार होता. त्या वर्षी तो ४७.०४ पोहला होता. रिओच्या अंतिम फेरीत सातवा आला. टोकियोनंतर पोहणं थांबवून तो डोंगर-भिंती चढण्याच्या आणि शरीराच्या वजनावरच्या व्यायामांच्या नादी लागला. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस; परतताना त्यानं विचारलं की, ५० मीटर पोहायला आठवड्याला ३० किलोमीटर कशाला? धावण्यातले आणि सायकलिंगमधले स्प्रिंटर जसे सराव करतात तसा त्यानं केला: पाण्यात आठवड्याला जेमतेम दोन-तीन किलोमीटर, पण जवळजवळ सगळे पूर्ण वेगात, आणि बाकी वजनं. २०२३ मध्ये जगज्जेता, २०२४ मध्ये ऑलिंपिक विजेता, २०२५ मध्ये सिंगापूरला २१.१४ सेकंदांत पुन्हा जगज्जेता. जुन्या प्रशिक्षकांचा आक्षेप असा की, कोवळ्या वयात घातलेल्या हजारो किलोमीटरांवरच ही इमारत उभी आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण तिशीनंतरही तेच किलोमीटर घालत राहणाऱ्यांची काय गत होते, हेही आपण पाहिलेलं आहे.

पोशाखांचा अध्याय थोडक्यात. २००८-०९ मध्ये शरीर तरंगत ठेवणाऱ्या पूर्ण अंगाच्या पोशाखांनी विक्रमांचा पाऊस पाडला. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. ब्राझीलच्या सेझार सिएलोचा ५० मीटरचा २०.९१ हा विक्रम त्याच वर्षातला. २०१० पासून हे पोशाख बंद झाले आणि तो आकडा पंधरा वर्षांहून जास्त काळ एका अख्ख्या पिढीच्या डोक्यावर बसून राहिला.

आता आपलं घर. भारताचं आशियाई स्पर्धेतलं जलतरणाच्या शर्यतीतलं एकमेव सुवर्ण स्प्रिंटचंच आहे: १९५१, दिल्ली, १०० मीटर फ्रीस्टाइल, सचिन नाग, १ मिनिट ४.७ सेकंद. १९४७ मध्ये कलकत्त्यात गोळीबारात त्यांच्या पायाला गोळी लागली होती. तरीही ते १९४८ चं लंडन ऑलिंपिक खेळले. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो २०२० मध्ये, मरणोत्तर.

दुसरं नाव सांगली जिल्ह्यातलं. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीराचा खालचा भाग लुळा पडला. उपचारांचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकले. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री आली २०१८ मध्ये, शेहेचाळीस वर्षांनी. ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आल्यावर मराठी घरांतल्या मुलांना हे नाव कळलं.

तिसरा कोल्हापूरचा वीरधवल खाडे आणि या लेखाचा मुद्दा खरं तर त्याच्याच कारकिर्दीत दडलेला आहे. तालमी आणि फुटबॉलच्या या गावातला मुलगा सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांत कांस्य. १९८६ च्या खजान सिंगच्या रौप्यानंतर जलतरणातलं आपलं हे पहिलं आशियाई पदक, चोवीस वर्षांनी आलेलं. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार. मग महाराष्ट्र सरकारनं त्याला तहसीलदार केलं, मालवणला नेमणूक झाली. खेळाडूला सरकारी नोकरी म्हणजे मोठा सन्मान आणि पोटापाण्याची निश्चिती. त्याबद्दल सरकारला नावं ठेवता येत नाहीत. पण महसुलाचं काम आणि दिवसाला दोन वेळचा सराव एकत्र नांदत नाहीत. काही वर्षं सराव जवळजवळ तुटला. ही वर्षं कोणती? विशीच्या मधली, म्हणजे जगातले स्प्रिंटर जिथे ताकद साठवतात नेमकी ती.

आणि तरीही तो परत आला. २०१८, जकार्ता. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये २२.४३, नवा राष्ट्रीय विक्रम. त्याचा आधीचा विक्रम २००९ मधला, २२.५२. मोडलेल्या सरावानंतर, नऊ वर्षांनी, सव्वीस वर्षांचा माणूस सतराव्या-अठराव्या वर्षाच्या स्वतःला मागे टाकतो, यापेक्षा चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही. अंतिम फेरीत तो २२.४७ पोहला. जपानच्या शुनिची नाकाओनं कांस्य घेतलं २२.४६ मध्ये. त्या वेगाला एक शतांश म्हणजे पाण्यात दोन सेंटीमीटर. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत खाडे ५० मीटर जिंकला, त्याची पत्नी ऋजुताही महिलांची ५० मीटर जिंकली आणि तिथेच त्यानं निवृत्ती जाहीर केली. बत्तिसाव्या वर्षी, देशात पहिला असताना.

पॅरिससाठी ५० मीटरची थेट पात्रता वेळ २१.९६ होती. २२.४३ पासून ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी दूर. अर्धा सेकंद या खेळात डोंगराएवढा असतो, हे मान्य. पण तो विशीतली वर्षं हातात ठेवूनच चढता आला असता.

पैशाचा प्रश्न फक्त आपलाच नाही. जागतिक स्पर्धेतल्या सुवर्णाला २० हजार डॉलर मिळतात. टेनिसपटू किंवा फुटबॉलपटू ऐकून हसेल. म्हणूनच ‘एन्हान्स्ड गेम्स’सारखा, उत्तेजकांना मुभा देणारा धंदा पोहणाऱ्यांना आधी गाठतो. पॅरिसमध्ये पाचवा आलेला ग्रीसचा क्रिस्टियन ग्कोलोमीव्ह त्यांच्यासाठी बंदी असलेला पोशाख घालून २०.८९ पोहला आणि दहा लाख डॉलर घेऊन गेला. पाठोपाठ पॅरिसचा रौप्यविजेता बेन प्राउडही तिकडे गेला. तो आकडा विक्रम म्हणून कुणी मानू नये, मीही मानत नाही. पण तिशीतल्या माणसाला घर चालवायचं असतं, ही गोष्ट खेळाच्या पुढाऱ्यांनी नैतिकतेची व्याख्यानं देण्याआधी ध्यानात घ्यावी.

आपल्याकडचा रस्ता इतका अवघड नाही. दहावी-बारावीला मुलांचं पोहणं सुटतं, ते पालकांच्या हातात आहे. पण वीस ते तीस हा टप्पा सरकारच्या हातात आहे. पदकविजेत्याला नोकरी द्या, पण क्रीडा खात्यात द्या, सरावाची रजा हक्कानं द्या आणि खुर्चीवर बसवायची घाई तिशीनंतर करा. रेल्वे आणि सैन्यदल खेळाडू कसे सांभाळतात, ते बघायला दूर जावं लागत नाही. याला आता एक ताजं कारणही आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्हींच्या ५० मीटर शर्यती पहिल्यांदाच होणार आहेत. वीरधवल खाडेला आशियाई कांस्य मिळालं ती ५० मीटर बटरफ्लाय त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत ऑलिंपिकमध्ये नव्हती.